शर्ट ब्रँडेडच हवा का?

प्रश्न: नवीन नोकरी लागलीय, बजेट कमी. सेलमधून चार शर्ट घेतले पण अंगावर गोणपाटासारखे दिसतात. आता ब्रँडेडच घ्यावे लागणार का?

उत्तर: अरे मित्रा, लेबल कोण बघतंय! घोळ फिटिंगचा आहे. शर्ट घालून आरशात बघ, खांद्याची शिलाई बरोबर खांद्याच्या हाडावर संपते का? ती खाली दंडावर उतरत असेल तर तो शर्ट कितीही स्वस्त असला तरी सोडून दे, कारण खांदे उसवून नीट करणं किचकट आणि महाग पडतं, पण कंबर, बाही, लांबी हे टेलर थोडक्यात करून देतो. तुझ्या चारपैकी ज्यांचे खांदे बरोबर आहेत ते आधी एकदा धू (सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मी हे न करता एक चांगला शर्ट घालवलाय) आणि मग टेलरकडे टाक.

रंगाचं म्हणशील तर पांढरा, फिकट निळा, आणि खाली नेव्ही किंवा ग्रे पँट, सगळं सगळ्यावर चालतं. उरलेले पैसे बुटांवर घाल. आणि हो, इस्त्री!