मुलाला ऑटिझम आहे असं नुकतंच कळलं, तो बोलत नाही. आमचं काही चुकलं का, पुढे घर कसं चालतं, आणि तो कधी आई म्हणेल का?

ताई, तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आणि माझा आता अकरा वर्षांचा आहे, त्यालाही साधारण तुमच्या मुलाच्या वयातच ऑटिझम असल्याचं सांगितलं होतं, म्हणून लिहितेय.

तुम्ही प्रश्नात हळूच विचारलंय ना की आपलं काही चुकलं का, ते आधी डोक्यातून काढून टाका. आई मायेनं वागत नाही म्हणून मूल असं होतं असं एकेकाळी डॉक्टरसुद्धा म्हणायचे, कित्येक आयांनी ते ओझं जन्मभर वाहिलं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं ते खोडून काढलं, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, आणि 1977 च्या जुळ्यांवरच्या अभ्यासातून यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे दिसलं. लसीचंही तेच, लसीचा ऑटिझमशी संबंध असावा असं सुचवणारा 1998 चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला. घरात कोणी टीव्ही, नोकरी, लस असं काही काढलं की मी एवढं सांगते आणि विषय बंद करते, रोज वाद घालायला ताकद कुठून आणायची.

आता घर. माझ्या मते घरातली निम्मी भांडणं एकाच गोष्टीनं कमी होतात, पुढे काय होणार हे मुलाला आधी कळलं पाहिजे. आपण तोंडानं सांगतो, चल आंघोळ, मग बाहेर जायचंय, ते शब्द हवेत विरून जातात, त्याच्या हाताला काही लागत नाही. म्हणून आमच्याकडे दाराजवळ एक पट्टी आहे, तिच्यावर वेल्क्रोनं फोटो चिकटवलेत, त्याचाच टूथब्रश, त्याचेच बूट, त्याचीच बादली. चित्रं नकोत, फोटोच काढा, निदान सुरुवातीला, कारण कार्टूनमधला ब्रश आणि आपला ब्रश एकच हे लहानपणी लक्षात येईलच असं नाही. काम झालं की तो फोटो चर्रकन ओढून खालच्या डब्यात टाकतो, तो आवाज त्याला फार आवडतो आणि "संपलं" हे त्यातूनच शिकला. एक कार्ड प्रश्नचिन्हाचं ठेवलंय, आज ठरल्यापेक्षा वेगळं काहीतरी होणार आहे असं सांगायला, ते मात्र आधी चांगल्या गोष्टींसाठी वापरा, आवडती फेरी, आवडता खेळ, नाहीतर ते कार्ड दिसलं की रडणं सुरू.

बोलण्याबद्दल. माझा मुलगा बोलायला लागला तो ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणत. थेरपिस्ट याला इकोलेलिया म्हणतात, लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञानं 1943 मध्ये अशा अकरा ऑटिस्टिक मुलांबद्दल लिहिलं त्यातही हे आहे. लोकांना वाटतं पोपटपंची, तसं नाही हो. आमचा एकदम मध्येच म्हणायचा, "पडशील हं, हळू." आम्हाला कळेना, कारण तो नुसता जमिनीवर बसलेला असायचा. मग त्याच्या बाबांच्या लक्षात आलं की कुत्रा भुंकला, ढग गडगडले, अनोळखी माणूस जवळ आला की हे वाक्य येतं, एकदा जिन्यावर तो घाबरला होता तेव्हा मी हेच म्हणाले होते. म्हणजे त्याच्या भाषेत ते "मला भीती वाटतेय" होतं! तेव्हापासून तो असं म्हणाला की आम्ही शेजारी बसून त्याच्या वतीनं म्हणायचो, "मला भीती वाटतेय", प्रश्न विचारायचा नाही, "म्हण बरं" पण नाही. खूप महिने काहीच नाही, आणि मग तो स्वतः "भीती वाटतेय" म्हणायला लागला. तुमचा मुलगा एखादी जाहिरातीची ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लागला तर ती कधी येते ते लिहून ठेवा.

हट्ट आणि मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, यात फरक करायला शिका, बाकीच्यांना नाही कळला तरी चालेल. हट्टात मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं, मेल्टडाउनमध्ये हातात दिलं तरी थांबत नाही कारण त्याला तेव्हा काही ऐकूच जात नसतं, अशा वेळी समजावू नका, लाइट कमी करा, माणसं बाजूला करा, त्याला लागणार नाही एवढं बघा आणि गप्प बसा. बहुतेक वेळा कारण आवाज, गर्दी, शर्टाच्या लेबलासारखं काहीतरी असतं. संवेदनांचा हा त्रास 2013 पासून निदानाच्या अधिकृत निकषांतसुद्धा आहे, त्यामुळे "लाडावलाय" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. नखं कापायची तर आंघोळीनंतर, मऊ झाल्यावर, आधी एकेक बोट जरा घट्ट दाबून, आमच्याकडे त्यानंच जमलं.

आणि चांगलं चाललेलं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, झोप उडाली, तर वर्तनाच्या मागे लागण्याआधी कान, दात आणि पोट बघून घ्या. बद्धकोष्ठतेनं माझा मुलगा कितीतरी दिवस हैराण होता आणि सगळे मला शिस्तीचे सल्ले देत होते, त्याचा मला अजून राग येतो.

झोपेचं म्हणाल तर आमची अजून तुटक आहे, मी आणि नवरा पाळीनं उठतो. धाकटीसाठी वेगळा वेळ काढते, तेवढ्या वेळात दादाचा विषय काढायचा नाही असं ठरलंय.

तो आई म्हणेल का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही ताई. काही मुलं पाच-सहा वर्षांनंतरही बोलू लागतात, काही टॅबवर किंवा कार्डांनी बोलतात. पण कार्ड दिलं की मूल तोंडानं बोलायचा आळस करेल ही भीती बाळगू नका, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, काही मुलांचं बोलणं उलट वाढतं. त्याला आत्ता काहीतरी हवंय, नकोय, दुखतंय, ते सांगायची सोय आजच पाहिजे. पुढच्या वेळी स्पीच थेरपिस्टकडे गेलात की चित्रकार्डं लगेच सुरू करता येतील का एवढं विचारा, आणि कानांची तपासणी झाली नसेल तर ती सगळ्यात आधी करून घ्या.