स्नॅपशॉट पुसले, तरी डिस्क भरलेलीच

प्रश्न : प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएमचे बॅकअप ठेवणारी प्रणाली) यावरचे जुने स्नॅपशॉट (त्या-त्या वेळचे बॅकअप) प्रून केले, म्हणजे ठरलेल्या नियमाने काढून टाकले, लगेच गार्बेज कलेक्शनही (बिनवापराच्या डेटाची सफाई) चालवले, पण डेटास्टोअर (बॅकअप साठवायची जागा) ९१ टक्क्यांवरून हलत नाही. व्हेरिफाय (बॅकअप शाबूत आहेत का याची तपासणी) मात्र रोज 'ओके' दाखवते. मग रिस्टोअर करून पाहायची गरज आहे का?

उत्तर : प्रूनमध्ये जाते ती फक्त स्नॅपशॉटची इंडेक्स, म्हणजे त्यात कोणता डेटा आहे त्याची यादी. खरा डेटा चंकमध्ये (छोट्या तुकड्यांत) असतो आणि एकच चंक अनेक स्नॅपशॉट वापरतात. गार्बेज कलेक्शन आधी वापरातल्या चंकवर ताजी वेळ नोंदवते, मग जुन्या वेळेचे चंक पुसते. मात्र गेल्या २४ तास ५ मिनिटांत वेळ नोंदलेल्या चंकला हात लावत नाही. काल एक फेरी झाली असेल, तर आज प्रून केलेल्या स्नॅपशॉटचे चंक अजून 'ताजे' ठरतात. लॉगमध्ये ते 'पेंडिंग रिमूव्हल्स' (पुसायचे बाकी) म्हणून दिसतील. दीड दिवस थांबून फेरी पुन्हा चालवा. चंकच्या फोल्डरमध्ये शिरून फाइल हाताने पुसू नका. एका चंकपायी डझनभर स्नॅपशॉट निकामी होतील.

तरीही जागा सुटली नाही, तर बंद केलेल्या व्हीएमचे ग्रुप (एकेका व्हीएमच्या स्नॅपशॉटचे गट) शोधा. प्रूनच्या नियमातले 'कीप-डेली ७' म्हणजे बॅकअप झालेले शेवटचे सात दिवस; बॅकअप नसलेले दिवस मोजलेच जात नाहीत. त्यामुळे मागेच काढून टाकलेल्या व्हीएमचे सात स्नॅपशॉट तिथेच ठाण मांडून बसतात. 'प्रोटेक्टेड' खूण केलेल्यांनाही प्रून वगळतो. डिस्क पूर्ण भरू देऊ नका: झेडएफएस या फाइल सिस्टिमवर वेळ नोंदवायलाही थोडी मोकळी जागा लागते, ती नसली तर सफाईच अडते.

आता 'ओके'विषयी. आधी तपासलेले स्नॅपशॉट वगळण्याचा पर्याय चालू असेल, तर रोज फक्त नवे तपासले जातात. जुन्यांची फेरतपासणी किती दिवसांनी होते ते जॉबमध्ये पाहा, ३० दिवस ठीक. एनक्रिप्ट केलेल्या चंकची सर्व्हरला फक्त सीआरसी (डेटा बिघडला का ते दाखवणारी बेरीज) पडताळता येते, कारण किल्ली त्याच्याकडे नसते. किल्ली हरवली तरी व्हेरिफाय बिनदिक्कत 'ओके' म्हणेल!

म्हणून रिस्टोअर हवेच. वेगळा व्हीएम क्रमांक द्या, 'युनिक' निवडा म्हणजे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा ओळखक्रमांक) बदलेल, आणि नेटवर्क तोडून मगच चालू करा, नाहीतर मूळ सर्व्हरशी आयपीची टक्कर होईल. नुसती लॉगिनची पाटी दिसली म्हणून थांबू नका. डेटाबेस उघडा, शेवटच्या नोंदीची तारीख बॅकअपच्या वेळेशी जुळते का पाहा.