अतिवृष्टीच्या मदतीत पंचनामा, ३३ टक्के, एनडीआरएफ म्हणजे नक्की काय?

पंचनामा म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक शेतावर येऊन नुकसान लिहून घेतात तो कागद, त्यात तुमचा गट नंबर आणि बाधित क्षेत्र बरोबर लिहिलंय का हे तिथंच उभं राहून बघा, नंतर दुरुस्तीला लई चकरा होतात. ३३ टक्के म्हणजे पिकाचं निदान तेवढं नुकसान झालं तरच मदत. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस.

एनडीआरएफमध्ये सगळ्यांचाच गोंधळ होतो कारण नावं दोन आहेत, एक बोटी घेऊन येणारे केशरी कपड्यातले जवान म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, आणि दुसरा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे पैसा. राज्याचा तसाच निधी म्हणजे एसडीआरएफ, त्यात महाराष्ट्रासाठी ७५ टक्के केंद्राचे नि २५ राज्याचे. २०२२ च्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच. याला निविष्ठा अनुदान म्हणतात, म्हणजे बी-खताचा थोडा हातभार, भरपाई नव्हे (नाव मात्र भारदस्त). पीकविमा वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

यादीत नाव आलं की नावासमोरचा विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करा, आधार बँकेला लिंक नसेल तर पैसे अडकतात.