लांबच्या बोर्डाला पाच व्होल्ट पुरत नाहीत

प्रश्न : 5 व्होल्टचा पॉवर सप्लाय कपाटात आहे, सर्किट बोर्ड तिथून 8 मीटर अंतरावर. मधे 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. बोर्डाने 3 अँपिअर ओढले की तिथे 4.36 व्होल्टच उरतात आणि तो रिसेट होतो. ट्रिमर फिरवून व्होल्टेज वाढवू का? सप्लायवर ‘एस’ लिहिलेली दोन टर्मिनल पत्र्याच्या पट्ट्यांनी आउटपुटला जोडलेली आहेत, ती कशासाठी?

उत्तर : ट्रिमरला कृपा करून हात लावू नका. ही वायर मीटरमागे साधारण 13.3 मिलिओहम खाते. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून 16 मीटर धरायचे. ते झाले 0.21 ओहम, आणि 3 अँपिअरला 0.64 व्होल्ट. तुमचं मोजमाप चोख आहे! पण ट्रिमरने 5.64 केलेत, तर बोर्ड निवांत असताना जवळपास तेवढं सगळं व्होल्टेज त्याच्यावर येईल. 5 व्होल्टच्या बऱ्याच चिपा 5.5 पर्यंतच चालतात.

तुमचं औषध त्या ‘एस’ टर्मिनलमध्येच आहे. ‘एस’ म्हणजे सेन्स, व्होल्टेज मोजणारी टर्मिनल. सप्लाय बंद करून पट्ट्या काढा. तिथून बारीक वायरची जोडी, एकमेकींना पीळ घालून, थेट बोर्डाच्या टर्मिनलपर्यंत न्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस. या जोडीतून नगण्य करंट वाहतो, म्हणून तिच्यात व्होल्टेज पडत नाही. सप्लाय मग बोर्डावरचे व्होल्ट पाहून आउटपुट कमीजास्त करतो.

मात्र ही भरपाई किती करता येते, याला मर्यादा असते. अनेक सप्लाय अर्ध्या व्होल्टच्या आसपासच थांबतात. तुमच्या सप्लायची डेटाशीट आधी पाहा. मी तर मुख्य वायरही 2.5 चौरस मिलिमीटरची घालीन, म्हणजे घट 0.38 व्होल्टवर येते. बोर्डाजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, कारण करंटच्या अचानक उसळीपुढे सेन्सची जोडी संथ पडते.

अंतर आणखी वाढणार असेल तर सेन्सच्या मागे लागू नका. 24 व्होल्ट पाठवा आणि बोर्डाशेजारी बक कन्व्हर्टर (त्याचे 5 व्होल्ट करणारं सर्किट) लावा. तेवढ्याच कामाला वायरमधून पाऊण अँपिअरही जात नाही.

पहिली चाचणी बोर्ड सोडवून, त्याच्या जागी 1.8 ओहम, 25 वॉटचा रेझिस्टर लावून घ्या. तो चांगलाच तापतो, लाकडावर ठेवू नका. एखादी सेन्स वायर सैल राहिली तर काही सप्लाय व्होल्टेज वर चढवतात. तसं झालंच तर तो फटका रेझिस्टर सोसेल.