वाचकांचे प्रश्न : बायबल, प्रार्थना आणि जपमाळ

प्रश्न : बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. उत्पत्ती मजेत झालं, निर्गमही निम्मं झालं. पण लेवीयपाशी गाडी अडली ती अडलीच. कसं वाचावं?

बायबल हे एक पुस्तक नाही, पुस्तकांचं कपाट आहे : ६६ पुस्तकं, कॅथलिक आवृत्तीत ७३. निर्गमच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं, पडदे, कड्या सुरू होतात, मग लेवीयमध्ये अर्पणांचे नियम. भल्याभल्यांचा धीर इथेच सुटतो. हा भाग नंतर वाचलात तरी काही बिघडत नाही.

सुरुवात मार्कपासून करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं. रोज एक वाचलात तर अडीच आठवड्यांच्या आत संपतं. मत्तय पहिलं छापलेलं असतं म्हणून तिकडे हात जातो, पण ते वंशावळीने उघडतं आणि नवख्याला दारातच अनोळखी नावांची रांग भेटते.

एखादा प्रसंग सावकाश वाचायचा असेल तर मार्क ४:३५-४१ (चौथा अध्याय, ३५ ते ४१ वचनं) घ्या. एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा वाचताना मन जिथे अडखळेल तिथे थांबा. वादळ सुटलंय, नावेत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. (हाच प्रसंग मत्तय आणि लूकही सांगतात, उशी मात्र फक्त मार्कला दिसते.) शिष्य त्याला उठवून म्हणतात, आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? हे बोलणं उद्धट आहे, तरीही ती प्रार्थनाच आहे. तिसऱ्या वाचनानंतर पुस्तक मिटा आणि तुमच्या आजच्या अडचणीबद्दल तेवढ्याच मोकळेपणाने बोला. मग दोन मिनिटं गप्प बसा. सगळं मिळून पंधरा मिनिटं पुरतात.

मार्कच्या शेवटच्या अध्यायात १६:९-२० ही वचनं कंसात दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत मार्क आठव्या वचनावरच थांबतं, घाबरून कबरेपासून पळालेल्या स्त्रियांपाशी.

बायबलमधली स्तोत्रं १५० आहेत. रोज पाच म्हटली तर महिन्यात होतात. फक्त चोविसाव्या दिवशी ११९वं येतं आणि त्यात १७६ वचनं आहेत. ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत रचलेलं आहे, तेव्हा ते वेगळं काढून रोज एक भाग घ्या.

प्रश्न : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणजे तीन देव झाले ना?

नाही. देव एक, व्यक्ती तीन. समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला सर्रास देतात, पण तो फसवा आहे. त्यातून एकच व्यक्ती तीन सोंगं घेते असं होतं आणि ही कल्पना चर्चने फार पूर्वीच नाकारली. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, निर्माण केलेला नाही, असं ठरवलं. ‘अवतार’ हा शब्दही जपून वापरावा. ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच घडलं आणि येशू पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे. बुद्धीला हे सहज पचत नाही हे खरं. रोजच्या उपासनेत मात्र ते साध्या रीतीने येतं : प्रार्थना पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्याच्या साहाय्याने.

प्रश्न : प्रार्थनेला बसलं की मागण्यांची यादीच सुरू होते. हे चूक आहे का?

मागणं चूक नाही, क्रम तपासा. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत (मत्तय ६:९-१३) आधी देवाचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा येते. भाकर त्यानंतर, तीही आजच्यापुरती. पुढे क्षमेची ओळ आहे आणि तिला अट जोडलेली आहे : आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर. ही ओळ आपण घाईत उरकतो. तिथे एक नाव मनात आणून थांबलात तर प्रार्थना लांबवायची गरज पडत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. कॅथलिक मंडळी ही प्रार्थना ‘वाइटापासून सोडव’ इथे संपवतात, तर प्रॉटेस्टंट ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ ही ओळ पुढे म्हणतात. मिस्सेत (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेत) ती ओळ येते, पण मध्ये धर्मगुरूंची वेगळी प्रार्थना असते. मिश्र सभेत कुणाचा तरी आवाज एकटाच पुढे जातो तो यामुळे.

प्रश्न : जपमाळ म्हणताना मोजणी चुकते. मणी नेमके कसे घ्यायचे?

नेहमीच्या माळेत ५९ मणी असतात : ५३ ‘नमो मरिया’ या मरियेला केलेल्या प्रार्थनेचे आणि ६ ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’चे, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचे. क्रूस हातात धरून क्रुसाची खूण आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार (श्रद्धा जाहीर करणारी प्रार्थना). पहिल्या सुट्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, पुढच्या तिन्हींवर नमो मरिया, मग साखळीवर ‘पित्याला गौरव असो’.

चूक होते ती यानंतर. माळ जिथे जुळते त्या पदकाच्या अलीकडे आणखी एक सुटा मणी असतो. पहिलं रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातला मनन करायचा प्रसंग) आणि त्याची प्रभूची प्रार्थना त्याच मण्यावर म्हणायची. पुष्कळ जण ती तिथेही म्हणतात आणि पदकावरही. मग सहाच्या जागी सात होतात. पदक ओलांडून थेट दहा मण्यांत शिरा. इथे मेरुमणी नाही, त्यामुळे माळ उलटी फिरवायची नसते. पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे गट) झाली की तुम्ही परत पदकापाशीच येता.

रहस्यांचे वार : सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातली, म्हणून जुन्या पुस्तिकांत सापडत नाहीत.

वीस मिनिटं धरा. दहा मिनिटांत उरकत असेल तर ओठच चालताहेत. वेळच नसेल तर एकच दशक म्हणा, पण रहस्य डोळ्यांपुढे आणून. आणि हो, मरियेची आराधना इथे होत नाही. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ एवढंच तिच्याकडे मागणं आहे. बहुतेक प्रॉटेस्टंटांना तेही मान्य नाही, ते जपमाळ म्हणत नाहीत.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. मैत्रिणीबरोबर मिस्सेला जाणार आहे. प्रसाद घ्यायला रांगेत उभं राहावं का?

घेण्यासाठी नको. कॅथलिक श्रद्धेनुसार ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर. सर्वांना वाटायचा प्रसाद नव्हे. जागेवर बसून राहिलात तर कुणी वावगं मानत नाही. बऱ्याच चर्चमध्ये छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेलं की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात, पण तशी पद्धत तिथे आहे का हे मैत्रिणीला आधी विचारा. बाकी लोक उभे राहिले की उभं राहायचं. गुडघे टेकलेच पाहिजेत असं नाही. मागच्या बाकांवर बसलात तर पुढच्यांकडे बघून सगळं उमगतं.