चौथीच्या वर्गात बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत कसा वापरावा?

आधी एक करू नका: चाचणी घेऊन मुलांवर ‘हा संगीतवाला, ती गणितवाली’ असे शिक्के मारू नका. बुद्धिमत्ता एकच नसते, तिचे भाषिक, गणिती, सांगीतिक असे वेगवेगळे प्रकार असतात, असा हा सिद्धांत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये तो मांडला तेव्हा सात बुद्धिमत्ता सांगितल्या होत्या, निसर्गविषयक आठवी नंतर जोडली. पण बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे, हे त्यांनीच पुढे ठासून सांगितलंय. बी.एड.च्या नोट्समध्ये मात्र दोन्हींची सर्रास खिचडी असते.

दुसरं, प्रत्येक तासाला आठही प्रकार कोंबायची गरज नाही. एका घटकाला दोन-तीन वाटा पुरे, आणि त्या सगळ्यांसाठी. अपूर्णांक घ्या. कागदाची पट्टी दुमडून अर्धा, पाव, अष्टमांश करायला लावा, तुकडे एकमेकांवर ठेवून बघू द्या. मग तीनताल हाताने धरा: १६ मात्रा, चार-चारचे चार विभाग. एक विभाग झाला की पाव आवर्तन (१६ मात्रांची पूर्ण फेरी), नवव्या मात्रेला ‘खाली’ (टाळी न देता हात बाजूला करायची जागा) आली की अर्धं संपलेलं. ‘दोन पाव म्हणजे अर्धा’ हे मुलं इथे हातांनी मोजतात. शेवटी जोडीत एकाने दुसऱ्याला समजावायचं, स्वतःच्या शब्दांत.

नुसतं ‘अपूर्णांकाचं गाणं’ म्हणवून घेणं म्हणजे पाठांतरच. गणित त्या तालाच्या रचनेत असायला हवं.

मानसशास्त्रात या सिद्धांताला प्रायोगिक आधार कमकुवत मानला जातो, त्यामुळे ‘यामुळे गुण वाढतात’ असं पालकांना सांगू नका. आणि वहीतला सराव ठेवाच.