कारण लिही

प्रिय पोरी,

तुझा मेल वाचला. तुझी दुरुस्ती नाकारणाऱ्याला लिहिलेलं, खाली जोडलेलं, अजून न पाठवलेलं उत्तरही वाचलं. ते पाठवू नकोस. तू घाबरावंस म्हणून सांगत नाही. त्यात शिव्या आहेत, कारण नाही, म्हणून सांगतोय.

तुझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये ही दुरुस्ती घ्या अशी विनंती, बरोबर आहे. मजकूर साफ करणारी ती लायब्ररी (तयार कोडचा संच) न दिसणारी सगळी चिन्हं कचरा समजून काढून टाकते. त्यात अक्षरांची जोडणी ठरवणारा झिरो विड्थ जॉइनरही जातो, आणि ज्यांनी त्याच्या आधारानं 'दऱ्या' टाइप केलंय त्यांच्या मजकुरात 'दर्या' उमटतो. चूक सरळ आहे. पण तू लिहिलंस काय? 'मराठी सपोर्टसाठी दुरुस्ती.' बस्स! देवनागरी वाचता न येणाऱ्या मेंटेनरनं, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्यानं, त्यावरून काय समजायचं? तो 'गरज नाही' म्हणून बंद करून मोकळा झाला, दुसऱ्या कुणी खाली टिंगल केली, आणि तू रात्रभर रडलीस. मेंटेनरनं कारण दिलं नाही, हे वाईटच. पण तूही दिलं नव्हतंस. आधी कारण लिही.

तुझ्या वर्गातली पोरं म्हणतात, सगळ्यांनी मिळून कमेंटांचा मारा करू, झक मारत घेईल. हे वाचून मात्र मी चिडलो. १९५६ पासून सीमाप्रश्नासाठी आपली माणसं रस्त्यावर उतरताहेत. १ नोव्हेंबरच्या, काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत मीही असतो, आणि असणार. रस्त्यावर संख्या लागतेच, कारण तिथं आपण आहोत हेच दाखवायचं असतं. कोडमध्ये संख्येनं काहीच सिद्ध होत नाही. उलट एकट्या माणसाला घेरलं की काय होतं, ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या प्रकरणात सगळ्यांनी बघितलंय. लासे कॉलिन ती लायब्ररी बिनपगारी, एकट्यानं सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली: काम मंद चाललंय, दुसरा मेंटेनर आण. शेवटी 'जिया टॅन' नावाच्या खात्याच्या हातात किल्ल्या गेल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. मार्च २०२४ मध्ये तो उघड केला आंद्रेस फ्रॉइंड यानं. दूरच्या संगणकात शिरायचं त्याचं एसएसएच लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेत होतं. तो ओरडला नाही. त्यानं मोजलं, शोधलं आणि कुठल्या फाइलीत काय आहे ते कारणासकट लिहून टाकलं. दबाव आणणाऱ्यांपाशी कारण नव्हतं, नुसता तगादा होता. पोरांना हे वाचून दाखव.

आता तुझा दुसरा प्रश्न: मोठी माणसं तर सर्रास शिव्या देतात, मग मीच का गोड बोलू? गोड बोल असं मी कधी म्हटलं? लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाला, आणि लिनक्स कर्नेलला त्याच वेळी नवी आचारसंहिता आली. चांगलंच झालं. पण त्याच्या जुन्या मेलांत शिवीच्या खाली बहुतेक वेळा तांत्रिक कारण असायचं. त्याची नक्कल करणाऱ्यांनी शिवी उचलली, कारण टाकून दिलं. आणि आचारसंहितेनं शिवी थांबते. कारण लिहायला ती कुणाला लावू शकत नाही. ते आपणच लिहायचं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांची एक पद्धत मला फार आवडते. तिथल्या प्रस्तावांत नाकारलेल्या कल्पनांनाही जागा असते, का नाकारल्या त्यासकट. पीईपी ५७२ या प्रस्तावावरून एवढं रण माजलं की जुलै २०१८ मध्ये खुद्द पायथनचा जनक गिडो व्हान रॉसमनं नेतृत्व सोडलं. माणूस थकला. पण का-बिका सगळं लिहून ठेवलेलं आहे, आजही कुणीही वाचावं.

मला लोक हेकट म्हणतात, तूही ऐकलं असशील. एका कंपनीनं माझ्या छोट्या टूलमध्ये एक बदल आणला. बिघडलेली फाइल आली की तो गुपचूप पुढं जायचा. मी नाकारला. फोन आले, 'जरा समजुतीनं घ्या' झालं, दोन चांगले सोबती तुटले. त्यातल्या एकाची आठवण अजून टोचते. पण नकाराखाली मी पानभर कारण लिहिलं होतं, नापास होणाऱ्या टेस्टसकट, म्हणजे कोडची चूक दाखवणाऱ्या तपासणीसकट. ते आजवर कुणी खोडलेलं नाही. म्हणून मी आजही नाहीच म्हणेन. नम्र नकार, उर्मट नकार, हा वाद मला दुय्यम वाटतो. कारण न देता दिलेला नकार, मग तो कितीही हात जोडून असो, समोरच्याला मूर्ख ठरवतो.

तर ऐक. भाषेचा अपमान, अस्मिता, मेंटेनरचा माज, यातलं एक अक्षर तिथं नको. ते दुःख खरं आहे, ते मला लिही. तिथं आधीचा मजकूर, नंतरचा मजकूर आणि त्यांची युनिकोड मूल्यं (संगणकातले अक्षरांचे क्रमांक) टाक. सोबत आज नापास होणारी टेस्ट जोड. टिंगल करणाऱ्याला उत्तरच देऊ नकोस. त्यानं काही विचारलेलं नाही. मेंटेनरनं पुन्हा नाही म्हटलं तर एकच विचार: का?

आणि तुझी ती चिकोडीची कन्नड मैत्रीण आहे ना, तिला बरोबर घे. कन्नडमध्येही 'र'चा अर्कावत्तु (आपल्या रफारासारखी खूण) टाळायला हाच जॉइनर लागतो, म्हणजे ही लायब्ररी तिचाही मजकूर बिघडवतेय. कन्नडची टेस्ट तिलाच लिहू दे, आणि कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) शेवटी को-ऑथर्ड-बायच्या, म्हणजे सहलेखकाच्या, ओळीत तिचं नाव न विसरता टाक.

तुझा,
काका